जावरचे जस्त : क्रियाशील आणि बाष्पनशील धातू हाती कसा आला

पृथ्वीच्या कवचात जस्ताचे प्रमाण तांब्यापेक्षा कमी नाही, किंबहुना थोडे अधिकच आहे. वजनाने मोजले तर कवचाच्या दर दहा लाख भागांत जस्त सुमारे ७० भाग भरते आणि तांबे ६० च्या आसपास. असे असूनही तांबे माणसाच्या वापरात येऊन कित्येक सहस्रके लोटली, तर धातुरूप जस्त मोठ्या प्रमाणावर गाळल्याचा जगातील सर्वांत जुना ज्ञात पुरावा हजार वर्षांच्या आतबाहेरचा आहे. हा पुरावा राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत तिडी नदीच्या काठी असलेल्या जावर या ठिकाणी मिळतो. एवढा विलंब का झाला आणि जावरच्या कारागिरांनी नेमकी कोणती अडचण ओलांडली, हा या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे. धातू निसर्गात कोणत्या रूपात सापडतो आणि तो किती क्रियाशील आहे यांचा संबंध शाळेत एका श्रेणीवरून शिकवला जातो. ती श्रेणी खरीच आहे; पण जावरचे कोडे तिच्या एकटीच्या बळावर उलगडत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर मांडण्याजोगे वाटते.

श्रेणीतील जागा आणि तिचा अर्थ

धातूंच्या अभिक्रियाशीलता श्रेणीत पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम वरच्या टोकाला येतात; त्यांच्या खाली जस्त, मग लोखंड, कथील आणि शिसे; हायड्रोजनच्या खाली तांबे, पारा आणि चांदी; आणि तळाशी सोने व प्लॅटिनम. तळाचे धातू इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडत नाहीत, त्यामुळे हवा, पाणी आणि खडकांतील आम्ले यांच्या सहवासात लाखो वर्षे राहूनही ते मूळ धातुरूपात टिकतात. नदीच्या वाळूत सोन्याचे कण मिळतात ते याच कारणाने. चांदी आणि तांबे काही ठिकाणी धातुरूपात, पण बहुतेक ठिकाणी गंधकाशी किंवा ऑक्सिजनशी जोडलेल्या रूपात आढळतात. जस्तापासून वरचे धातू मात्र निसर्गात मोकळे असे सापडत नाहीत. ज्याने जस्ताचा धातू कधी पाहिलाच नाही, त्याला खडकाकडे पाहून त्यात असा काही धातू दडलेला आहे अशी शंकाही येण्याचे कारण नव्हते. सोन्याने आणि तांब्याने माणसाला स्वतःची ओळख आपणहून करून दिली. जस्ताने दिली नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की विलंबाचे उत्तर मिळाले: जस्त क्रियाशील आहे, म्हणून ते उशिरा हाती आले. परंतु श्रेणीत त्याच्या लगेच खाली असलेल्या लोखंडाकडे पाहिले की हे उत्तर अपुरे ठरते. लोखंडही धातुरूपात जवळजवळ मिळतच नाही. अधूनमधून पडणाऱ्या उल्का हाच त्याला अपवाद. तरीही लोखंड गाळण्याची विद्या इसवी सनाच्या कितीतरी शतके आधी सर्वत्र पसरलेली होती. आपल्या विदर्भात, नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे, महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे, आणि ती अडीच हजार वर्षांहून जुनी मानली जाते. मातीची भट्टी, लोणारी कोळसा आणि भाता एवढ्या साहित्यावर लोखंड मिळत होते. जस्ताची ऑक्सिजनवरील पकड लोखंडापेक्षा थोडी घट्ट असली, तरी कोळशाने ती सुटू शकते. त्यासाठी ॲल्युमिनियमप्रमाणे विजेची वाट पाहण्याची गरज नव्हती. मग श्रेणीतील या एका पायरीसाठी दीड-दोन हजार वर्षे का लागावीत?

डोंगरातील धातुक

उत्तराकडे जाण्याआधी धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात ते खनिज, पाहिले पाहिजे. जावर परिसरात मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई हे खाणींचे मुख्य डोंगर आहेत. येथील खडक प्रामुख्याने डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा कार्बोनेट. आणि त्याच्या थरांत व भेगांत झिंक सल्फाइडचे खनिज स्फॅलेराइट, लेड सल्फाइडचे खनिज गॅलेना आणि लोह सल्फाइडचे खनिज पायराइट एकमेकांत मिसळलेले आहेत. जस्त आणि शिसे श्रेणीत शेजारी नाहीत, तरी खडकात ते एकत्र राहतात, कारण दोघांनाही ऑक्सिजनपेक्षा गंधकाची संगत अधिक मानवते. व्हिक्टर गोल्डश्मिट या भूरसायनशास्त्रज्ञाने मूलद्रव्यांची जी विभागणी केली, तीत हे दोन्ही धातू तांबे आणि चांदी यांच्यासह गंधकप्रिय गटात येतात, तर ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हे सिलिकेट खडकांशी जुळणाऱ्या गटात. धातूचे निसर्गातील रूप क्रियाशीलतेइतकेच या आवडीनिवडीवरही ठरते, हे पाठ्यपुस्तकांत फारसे ठसवले जात नाही.

जमिनीच्या पृष्ठभागाजवळ चित्र आणखी बदलते. पावसाचे पाणी आणि हवा पोचते तेथे झिंक सल्फाइडचे झिंक सल्फेट होते, आणि ते पाण्यात विरघळून खाली उतरते. वाटेत कार्बोनेट खडक भेटला की त्याच्याशी अभिक्रिया होऊन झिंक कार्बोनेट तयार होते. शिशाचे सल्फेट पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्यामुळे ते मात्र जागच्या जागी राहते. पायराइटमधील लोहाचा गंज होऊन वरचा थर तांबूस-तपकिरी दिसतो, आणि जुन्या काळचे खाणकाम करणारे या रंगावरूनच खालच्या धातुकाचा माग काढीत.

जावरमालाच्या जुन्या खाणींत सापडलेल्या लाकडी आधारांची किरणोत्सारी कार्बनने केलेली कालगणना इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत मागे जाते. खडकाला आग लावून तापवायचे, आणि मग तडकलेला खडक छिन्नी-हातोड्याने फोडायचा, या रीतीने हे लोक डोंगराच्या पोटात खोलवर उतरले होते. त्या पहिल्या काळात त्यांना हवे होते ते बहुधा शिसे, आणि गॅलेनात अल्प प्रमाणात असलेली चांदी. गॅलेनातून शिसे काढणे तुलनेने सोपे आहे, आणि वितळलेल्या शिशावर हवेचा झोत सोडून त्याचा ऑक्साइड केला की कमी क्रियाशील चांदी तशीच मागे उरते. म्हणजे ज्या डोंगरात जस्त विपुल होते, तेथे माणसे शेकडो वर्षे खणत होती, आणि जस्ताचे धातुक त्यांच्या हाताखालून जात होते.

९०७ अंशांची अडचण

स्फॅलेराइटपासून जस्ताकडे जाताना पहिली पायरी भाजण्याची आहे. सल्फाइडवर कोळशाचा थेट उपयोग होत नाही, कारण कार्बनला गंधकाशी जोडले जाण्यात फारसा लाभ नाही. ऑक्सिजनशी जोडले जाण्यात मात्र मोठा लाभ आहे. म्हणून धातुक आधी हवेत भाजायचे, गंधक सल्फर डायऑक्साइडच्या रूपाने उडवून लावायचे आणि मागे झिंक ऑक्साइड उरवायचे. ही पायरी तांबे आणि शिसे काढणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. तिच्यात नवे काही नव्हते.

दुसरी पायरी क्षपणाची, म्हणजे कोळशाच्या साहाय्याने ऑक्साइडमधील ऑक्सिजन काढून घेण्याची. येथे तापमानाचा आकडा निर्णायक ठरतो. हॅरोल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या आलेखांत निरनिराळ्या ऑक्साइडांची स्थिरता तापमानाप्रमाणे कशी बदलते हे दाखवले आहे. त्यांत कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइड होण्याची रेषा तापमानाबरोबर खाली उतरते, आणि ती ज्या धातूच्या रेषेला छेदते त्या धातूचे क्षपण तेथून पुढे कोळशाने शक्य होते. लोखंडाच्या बाबतीत हा छेद ७०० अंश सेल्सिअसच्या सुमारास येतो, जस्ताच्या बाबतीत ९५० च्या सुमारास. दोन्ही तापमाने लोणारी कोळसा आणि भाता यांच्या आवाक्यातली आहेत. पण जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७ अंश आहे. म्हणजे धातू ऑक्सिजनच्या बंधनातून सुटतो त्या क्षणीच तो वाफ झालेला असतो. लोखंड भट्टीच्या तळाशी घट्ट गोळ्याच्या रूपाने साचते, शिसे आणि तांबे वितळून खाली वाहतात. जस्त मात्र धुरासोबत वर निघून जाते.

एवढेच असते तरी बिघडले नसते, कारण वाफ थंड करून धातू गोळा करण्याची रीत पाऱ्यासाठी प्राचीन काळापासून ठाऊक होती. पारा ३५७ अंशांना उकळतो, पण तो श्रेणीत खाली आहे. त्याची वाफ थंड होताना हवा थोडीफार लागली तरी तो पाराच राहतो. जस्ताची वाफ तशी नाही. तिला हवा मिळाली की ती पेट घेते आणि पांढऱ्या झिंक ऑक्साइडचा धूर होतो. हवा टाळली तरी संकट संपत नाही. क्षपणात कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असेल, तर वाफ थंड होताना जस्त त्याच्याकडूनही ऑक्सिजन हिसकावून घेते, कारण तापमान उतरले की अभिक्रियेचा कल उलट दिशेला होतो आणि हाती आलेला धातू पुन्हा ऑक्साइड होऊन बसतो. लोखंड क्रियाशील आहे पण उडून जात नाही. पारा उडून जातो पण क्रियाशील नाही. जस्तात हे दोन्ही गुण एकत्र आले आहेत. माझ्या मते विलंबाचे खरे कारण या जोडीत आहे, आणि श्रेणी त्यातील फक्त निम्मे सांगते.

या निसटून जाणाऱ्या धातूच्या खुणा जुन्या जगात जागोजागी दिसतात. इराणात कर्मानच्या परिसरात तुतिया नावाचे पांढरे औषधी द्रव्य बनवत. मार्को पोलोने त्याचे वर्णन केले आहे. तेथे भट्टीतून वर येणारी वाफ थंड जागी धरून ठेवत आणि तिचा ऑक्साइड खरवडून घेत. म्हणजे जस्त धातुरूपात सुटत होते, पण कोणाच्या हाती लागण्याआधीच परत ऑक्साइड होत होते, आणि लोकांना तो ऑक्साइडच उपयोगाचा वाटत होता.

याहून चतुर मार्ग पितळ बनवणाऱ्यांनी काढला होता. तांब्याचे तुकडे, झिंक कार्बोनेटचे किंवा ऑक्साइडचे चूर्ण आणि कोळसा हे सर्व बंद मुशीत घालून तांबे पूर्ण वितळणार नाही अशा बेताने तापवायचे. सुटलेली जस्ताची वाफ बाहेर पडण्याआधीच तांब्यात शिरते आणि पितळ तयार होते. रोमन साम्राज्यातील पितळी नाणी याच रीतीने केलेल्या धातूची होती. या रीतीने पितळात साधारण ३० टक्क्यांपर्यंतच जस्त मुरवता येते, त्याहून अधिक नाही. त्या काळच्या पितळ करणाऱ्यांनी जस्त हा स्वतंत्र धातू कधीही न पाहता शतकानुशतके त्याचा वापर केला, ही गोष्ट मला या सबंध विषयातील सर्वांत विलक्षण वाटते.

भट्टी उलटी केली तेव्हा

१९८० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत हिंदुस्तान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून जावरचे उत्खनन केले. त्यात के. टी. एम. हेगडे आणि पॉल क्रॅडॉक हे प्रमुख अभ्यासक होते. १९८३ मध्ये तेथे जस्ताच्या भट्ट्यांची एक रांग सापडली, आणि त्यांतील काही भट्ट्यांत शेवटच्या खेपेच्या मुशी जागच्या जागी उभ्या होत्या. जुन्या धातुकामात असे क्वचित घडते. सहसा मळीचे, म्हणजे धातू गाळल्यावर उरणाऱ्या वितळलेल्या टाकाऊ भागाचे, ढीग आणि फुटके तुकडे एवढेच मागे राहतात, आणि बाकीचे तर्काने जुळवावे लागते. येथे कारागिरांनी काय केले ते जसेच्या तसे समोर आले.

एका मुशीची तयारी पाहू. भाजलेले धातुक, कोळशाचे चूर्ण, डोलोमाइट आणि मीठ असे मिश्रण कालवून त्याच्या लहान लहान गोळ्या वळत. वीत-दीड वीत लांबीची, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळती अशी मातीची मूस या गोळ्यांनी भरत. चूर्णाऐवजी गोळ्या घेण्याचे कारण उघड आहे: गोळ्यांच्या मधल्या फटींतून वायूला वाट मिळते. मग मुशीच्या तोंडाला मातीचीच एक बारीक नळी बसवून सांधा ओल्या मातीने लिंपून टाकत. या नळीतून एक काडी आत खोवलेली असे. मूस उलटी केल्यावर गोळ्या नळीत घसरू नयेत म्हणून ही काडी तेवढ्यापुरती आधार देई. तापमान वाढू लागले की ती जळून जाई, आणि तोवर गोळ्या एकमेकींना चिकटून घट्ट झालेल्या असल्यामुळे पडत नसत. काडी जळून गेल्यावर तिच्या जागी मधोमध एक पोकळ वाट राही, आणि वाफ त्याच वाटेने खाली येई. सापडलेल्या मुशींच्या आतील अवशेषात ही पोकळी आजही दिसते. एका काडीने आधी आधार द्यायचा आणि नेमक्या वेळी नाहीसे होऊन वाट करून द्यायची, यापरते नेटके काम माझ्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

भट्टी दोन खणांची होती. वरचा खण तापवण्याचा, खालचा थंड ठेवण्याचा, आणि दोहोंच्या मध्ये भोके पाडलेल्या भाजक्या मातीच्या जाड फरश्या. एका भट्टीत सहा ओळींत सहा याप्रमाणे ३६ मुशी उलट्या उभ्या राहत, प्रत्येकीची नळी मोठ्या भोकातून खालच्या खणात उतरलेली. लहान भोकांतून राख खाली पडे आणि हवा वर जाई. अशा सात भट्ट्या एका रांगेत होत्या, म्हणजे एका वेळी २५२ मुशी तापवता येत. भट्टीचा माप चौरस, बाजू दीड हाताच्या आसपास. आकाराने लहानच, पण लहान असण्यात शहाणपण होते: ३६ मुशींना सर्व बाजूंनी सारखी आच देणे मोठ्या भट्टीत कठीण गेले असते.

वरच्या खणात तापमान ११०० अंशांच्या आसपास चढवून ते काही तास धरून ठेवावे लागे. मुशीला वर कोठेही तोंड नसल्यामुळे वाफेला वर निघून जाण्याची सोय नव्हती. तिला खालीच यावे लागे. कोळसा भरपूर घातलेला असल्यामुळे मुशीत कार्बन मोनॉक्साइडचे प्राबल्य राही आणि कार्बन डायऑक्साइड साठू शकत नसे. तयार होणारा वायू सतत नळीतून बाहेर पडत असल्यामुळे बाहेरची हवा आत शिरू शकत नसे. आणि नळी खालच्या खणात असल्यामुळे वाफ तेथे ९०७ अंशांच्या खाली उतरून द्रव होई. येथेही एक मर्यादा सांभाळावी लागे. जस्त ४२० अंशांच्या जरा खाली घट्ट होते. नळी त्याहून थंड झाली तर धातूचे थेंब न होता राखाडी भुकटी होऊन नळीच तुंबली असती. दोन खणांमधील फरशीची जाडी, नळीची लांबी आणि आगीचा जोर यांचा मेळ जमवून कारागिरांनी नळीचे तापमान या दोन आकड्यांच्या दरम्यान राखले, तेही तापमापक हाताशी नसताना. मिश्रणातील डोलोमाइटचाही उपयोग होता: त्यामुळे उरलेला भाग वितळून मळी बनत नसे, सच्छिद्र राही आणि वायूची वाट मोकळी राही.

हे ज्ञान केवळ हातांत नव्हते, ग्रंथांतही उतरले होते. साधारण तेराव्या शतकातील रसरत्नसमुच्चय या संस्कृत ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या, लांब नळी असलेल्या मुशीचे वर्णन आहे, आणि रसक नावाच्या खनिजापासून कथलासारखा चकाकणारा धातू काढण्याची कृती दिली आहे. नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्योत निळ्याची पांढरी झाली की मूस उलटी करून धातू ओतून घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. आजच्या रसायनशास्त्राने पाहिले तर ही खूण अचूक आहे. आधी बाहेर पडतो तो कार्बन मोनॉक्साइड, आणि तो निळ्या ज्योतीने जळतो. जस्ताची वाफ येऊ लागली की ती जळून पांढरा ऑक्साइड होतो आणि ज्योतही पांढरी दिसते. उलट्या मुशीखाली पाण्याचे भांडे ठेवण्याची दुसरी कृतीही त्याच ग्रंथात आहे. ग्रंथातील कृतीत हरडा, लाख, गूळ असे सेंद्रिय पदार्थ मिसळलेले आहेत, आणि तापवल्यावर त्यांचाही कोळसाच होतो. रसशाळेतील एका मुशीचे काम आणि जावरच्या २५२ मुशींची रांग यांच्यात प्रमाणाचा मोठा फरक आहे. परंतु तत्त्व एकच आहे.

एक मूस एकदाच वापरता येई. तापवल्यानंतर आत अवशेष अडकलेली मूस फेकून देत. जावरच्या परिसरात अशा वापरलेल्या मुशींचे प्रचंड ढीग आहेत. राखेतील क्षारांमुळे त्यांच्या बाहेरच्या अंगाला काचेसारखी झिलई आलेली असते. जुन्या वस्तीत घरांच्या भिंती या मुशी एकावर एक रचून बांधलेल्या आहेत. उत्पादन किती काळ आणि किती मोठ्या प्रमाणावर चालले असेल, याची कल्पना त्या भिंतींवरून जितकी येते तितकी कोणत्याही दस्तऐवजावरून येत नाही.

जावरच्या बाहेर

चीनमध्येही मिंग काळापासून जस्त मोठ्या प्रमाणावर निघू लागले, पण तेथील रचना निराळी होती: उंच मुशीत धातुक खाली आणि वाफ धरण्याचा कप्पा वरच्या टोकाला. दोन देशांनी एकाच अडचणीवर दोन उत्तरे शोधली असे म्हणण्यास जागा आहे.

युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत जस्त पूर्वेकडून जहाजाने येत असे. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्त काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि पुढे वॉर्मली येथे कारखाना चालवला. त्याच्या मुशीच्या तळाला भोक होते आणि वाफ नळीतून खालच्या थंड भागात उतरत असे. बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफने १७४६ मध्ये बंद पात्रात कोळशाच्या साहाय्याने जस्त वेगळे करून त्याचा शास्त्रीय तपशील मांडला. चॅम्पियनची रीत आणि जावरची रीत यांतील साम्य ठळक आहे, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार पाहता ही कल्पना भारतातून गेली असावी असे अनेकांना वाटते. मात्र थेट दुवा सिद्ध झालेला नाही. केवळ साम्यावरून उसनवारी ठरवणे मला योग्य वाटत नाही. जावरचे श्रेय त्या पुराव्याविना तसूभरही कमी होत नाही.

ऐन-ए-अकबरीत अजमेर सुभ्यातील जस्ताच्या खाणीचा उल्लेख आहे, आणि मेवाडच्या महाराणांना जावरचे उत्पन्न पुढेही दीर्घकाळ मिळत राहिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकर आणि शिंदे यांच्या फौजांच्या खंडणीच्या स्वाऱ्यांनी मेवाड खिळखिळे झाले, गावे ओस पडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दुष्काळाने उरलेसुरले काम थांबले. मराठेशाहीचा इतिहास वाचताना आपण या स्वाऱ्या दिल्लीच्या राजकारणाच्या बाजूने वाचतो; त्यांच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या जपलेली अशी एक विद्या होती, हेही मराठी वाचकाने लक्षात घेतले पाहिजे. भट्टीचे ज्ञान हातातून हातात जाणारे असते. कारागिरांची एक पिढी पांगली की ग्रंथातील श्लोकांवरून ते परत उभे राहत नाही, आणि जावरला ते राहिलेही नाही. पुढे युरोपातील सायलेशिया प्रांतातले स्वस्त जस्त भारताच्या बाजारात येऊ लागले.

त्याच धातुकावर आजची रीत

विसाव्या शतकात जावरच्या खाणी पुन्हा सुरू झाल्या. १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंकची स्थापना झाली, आणि उदयपूरजवळ देबारी येथे जस्ताचा कारखाना उभा राहिला. डोंगर तोच, धातुक तेच, पण अडचण आता वेगळ्या वाटेने ओलांडली जाते. धातुक आजही भाजतात. फरक एवढाच की सल्फर डायऑक्साइड हवेत न सोडता त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात. झिंक ऑक्साइड त्या आम्लात विरघळवून झिंक सल्फेटचे द्रावण मिळवतात आणि त्यातून वीज पाठवून ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर जस्त जमा करतात. वाफेचा प्रश्नच येत नाही, कारण सगळे काम पाण्यात आणि उत्कलनबिंदूपासून कितीतरी खाली चालते.

येथे मात्र क्रियाशीलता दुसऱ्या बाजूने आडवी येते. श्रेणीत जस्त हायड्रोजनच्या बरेच वर आहे. त्याचे प्रमाण विभव, म्हणजे हायड्रोजनच्या तुलनेत व्होल्टमध्ये मोजलेली त्याची जागा, उणे ०.७६ व्होल्ट आहे. नियम सरळ लावला तर आम्लयुक्त द्रावणातून वीज पाठवल्यावर जस्ताऐवजी हायड्रोजन सुटायला हवा. तो फारसा सुटत नाही याचे कारण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होण्याची क्रिया फार मंद आहे, आणि तिला चालना देण्यासाठी बरेच अधिक विभव लागते. हा मंदपणा जस्ताचा पृष्ठभाग शुद्ध असेल तोवरच टिकतो. कोबाल्ट, निकेल, अँटिमनी किंवा जर्मेनियम यांचा अंश द्रावणात राहिला की तो जस्ताबरोबर पत्र्यावर बसतो, त्या ठिकाणी हायड्रोजन सहज सुटू लागतो, आणि जमा झालेले जस्त परत विरघळते.

म्हणून विजेच्या टाक्यांकडे जाण्याआधी द्रावणात जस्ताचीच भुकटी टाकतात. तांबे, कॅडमियम, निकेल आणि कोबाल्ट हे सर्व श्रेणीत जस्ताच्या खाली असल्यामुळे जस्त त्यांना त्यांच्या क्षारांतून बाहेर ढकलते आणि स्वतः द्रावणात जाते. कोबाल्टसारखे हट्टी धातू निघावेत म्हणून द्रावण तापवून काही सहायक द्रव्येही घालावी लागतात. गाळून मिळालेल्या साक्यातून कॅडमियम आणि तांबे वेगळे काढून विकतात. कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवण्याचा जो प्रयोग दहावीला करवून घेतात, तोच येथे मोठमोठ्या टाक्यांत होतो, आणि त्याच्या काटेकोरपणावर सबंध कारखान्याचे उत्पादन अवलंबून असते.

एवढे करूनही जस्त पत्र्यावर टिकते ते वीज चालू असेपर्यंतच. टाकीतील द्रावण तीव्र आम्लाचे असते, आणि वीज खंडित झाली की जमा झालेला धातू त्यात विरघळू लागतो, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि आधी झालेले काम वाया जाते. त्यामुळे अशा कारखान्यांना अखंड वीजपुरवठ्याची खात्रीची सोय आधी करावी लागते, आणि पत्र्यांवरचा थर एक-दोन दिवसांतच सोलून तो वितळवण्यासाठी पुढे पाठवावा लागतो.